आधी पाहून आलेली वाट

वुडलँड्समध्ये बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या पद्माकर आगाशेला सिंगापूरची अर्धी मराठी मंडळी चेहऱ्याने कमी आणि फोनवरच्या आवाजाने जास्त ओळखत. शाळांना सुट्ट्या लागल्या की त्याचा फोन थांबायचा नाही. मलाक्काला मुलांना घेऊन जायचंय, किती वाजता निघू? कॅमेरनच्या घाटात आईला उलट्या होतात, मध्ये थांबायला बरी जागा कुठे? पद्माकर ऑफिसातून येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या उत्तरं द्यायचा. "पहाटे पाचच्या आत कॉजवे ओलांडून मलेशियात शिरा. साडेपाच झाले तर सरळ घरी परत या आणि पोहे करून खा." कुठल्या पेट्रोलपंपावरचा संडास स्वच्छ, कुठल्या वळणापुढे फोनची रेंज जाते, सगळं त्याला तोंडपाठ. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी 'हे रूटवाले आगाशे' अशी त्याची ओळख करून दिली आणि ती चिकटली ती कायमची.

एका बँकेत तो रिलीज मॅनेजर होता. नवं सॉफ्टवेअर लोकांच्या हातात पडण्याआधी काय काय बिघडू शकेल याच्या याद्या करायच्या, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. बहुतेक माणसं असला उद्योग संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येतात. हा घरी आणायचा. लिटल इंडियात भाजीला जायचं तरी पाऊस आला तर कुठून, लाइन बंद पडली तर कुठून, हे ठरलेलं. "बाबा, वी आर बायिंग मेथी लाह," असं त्याची मुलगी वल्लरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. ती युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि बापाला चिडवणं हा तिचा आवडता विषय होता.

पण त्याच्या एका नियमाला घरात कुणी हसत नसे. स्वतः आधी जाऊन आल्याशिवाय तो कुणालाही आडवाटेला नेत नसे. पुण्याच्या ट्रेकिंगवाल्यांत याला पायलट म्हणतात. पंचवीस-तीस माणसं डोंगरात न्यायची तर त्याआधी दोघातिघांनी ती वाट चालून यायची. पाणी कुठे, घसरडं कुठे, गावातलं कोण सोबत येईल, ते पाहून यायचं. मगच ट्रेक. पद्माकर कॉलेजात असताना एका जुलैत त्यांच्या ग्रुपने पायलट केला नाही. दोघांची तोंडी परीक्षा होती, आणि वाट काय, मागच्या वर्षीचीच होती. मागच्या वर्षी ओढ्यात जी दगडांची ओळ होती ती पाण्याने नेली होती, हे अकरा जणांना काठावर पोचल्यावर कळलं. त्यांतला रवींद्र सर्वांत पुढे पाण्यात उतरला. तो तिसऱ्या दिवशी खालच्या गावाजवळ सापडला. त्याच्या आईने आरडाओरडा केला नाही की शिव्याशाप दिले नाहीत. तिने पद्माकरला एवढंच विचारलं, "तुमच्यापैकी कुणी आधी जाऊन आलं नव्हतं का रे?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पद्माकर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. तीस वर्षांत त्याने शेकडो माणसांना वाटा दाखवल्या, आणि एकाच्याही पायाला खरचटलं नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो असायलाही हरकत नव्हती.

त्याची बायको सरोजिनी दोडामार्गाकडच्या जंगलातली. वडील वनखात्यात गार्ड होते आणि त्यांचं सरकारी क्वार्टर एका धबधब्यापासून शंभर पावलांवर होतं. जूनपासून पार दिवाळीपर्यंत त्या घरात पाण्याचा आवाज मुक्कामाला असायचा. मीठ मागायचं तरी हाळी घातल्यासारखं ओरडावं लागायचं. त्यामुळे पाचही भावंडांना मोठ्याने बोलायची सवय लागली ती लागलीच. सिंगापूरला आल्यावर पहिल्याच महिन्यात शेजारच्या चिनी आजी दार वाजवून विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना? सरोजिनी आईला फोनवर लिंबाच्या लोणच्यात साखर किती घालायची ते विचारत होती.

चार वर्षांपूर्वी तिचा उजवा कान गेला. डाव्याला यंत्र लावून भागत होतं. मग गेल्या नोव्हेंबरात डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद पुढे ठेवून सांगितलं की डाव्या कानाची नसही सुकत चालली आहे. नसच नीट नाही म्हटल्यावर आत यंत्र बसवूनही फारसा उपयोग व्हायचा नाही. किती दिवस? सहा महिने, वर्ष, कदाचित कमी. तोल जाईल, उंचसखल जमिनीवर जपा, हेही त्यांनी बजावलं.

हॉस्पिटलातून दोघं थेट घरी आली नाहीत. ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी बसली. पद्माकरने दोन तेह तारिक, म्हणजे तिकडचे फेसाळ दुधाचे चहा, आणले आणि एकाही ग्लासाला कुणी हात लावला नाही. सरोजिनी म्हणाली, "अहो, मला एकदा धबधबा ऐकायचाय."

"गावाला जाऊ या."

"गावाला आता पाणी कुठे? जुलैची वाट बघायची का? आणि तिथे काय ऐकू येणारेय? मागे गेलो तेव्हा बघितलंत ना, भज्यांच्या गाड्या आणि हे एवढाले स्पीकर. पाणी नुसतं पडताना दिसत होतं." आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघत होती. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. "हे सगळं बंद व्हायच्या आधी एकदा पोटभर ऐकायचाय. मग होऊ दे काय व्हायचं ते."

वल्लरीची समजूत अशी की हे काम सोपं आहे. पुढच्याच रविवारी ती दोघांना विमानतळावर घेऊन गेली. तिथे काचेच्या घुमटातून चाळीस मीटर पाणी खाली पडतं आणि जगभरची माणसं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. सरोजिनीने डावा कान पुढे करून नीट ऐकलं. मग म्हणाली, "वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडा ठेवून गावाला गेल्यासारखं वाटतंय." वल्लरी हसली, पद्माकरही हसला. पण घरी जाताना एमआरटीत सरोजिनीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "खरा पाहिजे हो. जिथे माणसाचं बोलणं ऐकू येत नाही असा." पद्माकर म्हणाला, "शोधतो."

आणि तो शोधायला लागला. इथे खरं ते सांगितलं पाहिजे. ते चार महिने पद्माकर सुखात होता. बायकोचा कान चालला होता आणि त्याच्यापाशी करण्यासारखं काहीतरी होतं. रोज जेवणं झाली की तो नकाशे उघडून बसायचा आणि भीती त्याच्याजवळ फिरकायची नाही. पुढे हेच त्याला सर्वांत जास्त खाऊ लागलं.

कॉजवेपलीकडच्या जोहोरमधले सात धबधबे त्याने बाद केले. एकाला तिकीट आणि घसरगुंड्या होत्या, एकाला चारशे पायऱ्या, एक उन्हाळ्यात आटणारा. आठवा त्याला उपग्रहाच्या चित्रात दिसला. क्लुआंगच्या पुढे पामच्या मळ्यांची हिरवी ठिगळं संपून गर्द जंगल लागतं तिथे पांढरा ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा. नकाशावर त्याला नाव नव्हतं. पद्माकरने मळ्याच्या ऑफिसला फोन केले, ईमेल पाठवली, एका सायकलवाल्याचा ब्लॉग शोधून काढून त्याला पत्र लिहिलं, आणि शेवटी जंगलाच्या तोंडाशी असलेल्या कांपुंगमधले, म्हणजे तिकडच्या खेड्यातले, पाक समद त्याला सापडले. साठीचे गृहस्थ, मोडकं इंग्रजी बोलणारे. ते म्हणाले, "वॉटर? बिग. ऑलवेज बिग. कम."

कम म्हणाले म्हणून लगेच जाणारा माणूस तो नव्हे. त्याने चार रूट काढले. चेकपॉईंटपर्यंत बस आणि पलीकडे भाड्याची गाडी, क्लुआंगपर्यंत रेल्वे आणि पुढे गाडी, हमरस्त्याने, जुन्या रस्त्याने. प्रत्येक रूटला किती मिनिटं, कुठे थांबायचं, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. शेवटचा रकाना 'सरोजिनी' नावाचा होता. त्यात चढ किती, दगड निसरडे आहेत का, आधाराला झाडं आहेत का, बसायला जागा कुठे, हे यायचं होतं आणि तो सगळा कोरा होता, कारण ते कुणाला फोन करून कळण्यासारखं नव्हतं.

डिसेंबर-जानेवारी तिकडचा जोराचा पाऊस. ओढे फुगतात. रवींद्र मनात असताना पद्माकर त्या दिवसांत जंगलाच्या वाटेला जाणं शक्य नव्हतं. फेब्रुवारीत मळ्याच्या लाल रस्त्यावर चिखल. मार्चमध्ये रमजान, पाक समद म्हणाले, रोजे आहेत, हरी रायानंतर, म्हणजे ईदनंतर, या. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मंडळातल्या कुणालाही त्याने हाच सल्ला दिला असता.

इकडे सरोजिनीचा कान काही रमजान संपायची वाट बघणार नव्हता. वुडलँड्समध्ये पहाटे कोकीळ इतकी ओरडते की लोक टाउन कौन्सिलकडे तक्रारी करतात. जानेवारीत एकदा वल्लरी उशीत डोकं खुपसून वैतागली तेव्हा सरोजिनीने विचारलं, "ओरडतेय का? कधीपासून?" वल्लरीने त्या दिवशी बापाला काही चिडवलं नाही. फेब्रुवारीत लिफ्टचा टिंग गेला. मार्चमध्ये पोरीचा फोनवरचा आवाज गेला, समोरचा तेवढा राहिला. जे जे जाई ते सरोजिनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायची. का लिहायची कुणास ठाऊक, पण पाडव्याच्या चौकोनात तिने लिहिलं होतं, 'फोडणी'.

पाडव्याच्याच संध्याकाळी पद्माकरने जाहीर केलं की येत्या शनिवारी प्रबोध आणि तो पायलटला जाणार. प्रबोध म्हणजे त्याचा तोआ पायोहला राहणारा मित्र, ऑफिसातला आणि डोंगरातलाही.

"मी पण येते," सरोजिनी म्हणाली.

"तू नंतर. आधी आम्ही बघून येतो."

"बघून काय यायचं? जायचं तर आहेच. पायलट काय आणि ट्रिप काय, पाणी तेच ना?"

"वाट माहीत नाही मला. तुझा तोल जातो. मध्ये ओढा आहे, त्यावर काय आहे माहीत नाही. पायलटला घरचं माणूस न्यायचं नसतं, सरोज."

"मग मला घरचं नका समजू."

"तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"तुमचे तीन आठवडे माझ्या कानाला कळवलेत का?" ती म्हणाली. मग तिने ताटं उचलली आणि मोठ्याने आदळली. आवाज कुणाला झाला ते ती जाणून होती. वल्लरी मध्ये पडली, "जस्ट टेक हर लाह, बाबा."  पद्माकरच्या डोळ्यांसमोर ओढा होता, आणि ओढ्यात उतरलेली पाठ होती. ती पाठ कधी रवींद्रची दिसे, कधी सरोजिनीची. तीस वर्षं पाळलेला नियम जिच्यावर सर्वांत जास्त जीव आहे तिच्यासाठीच मोडायचा, हे त्याला कसं जमणार होतं?

शनिवारी पहाटे चारला तो आणि प्रबोध निघाले. पाच वाजून दहा मिनिटांनी कॉजवेच्या पलीकडे गाडीत बसले. दिवस उजाडला तो पामच्या मळ्यांत. ओळीत उभी झाडं, लाल रस्ता, फाटकावर गाडीचा नंबर लिहून घेणारा झोपाळू रखवालदार. साडेआठला कांपुंग. पाक समद रबरी सपाता घालून पुढे चालू लागले आणि पद्माकर मागून वही काढून लिहीत निघाला. पहिली वीस मिनिटं सपाट. जळवा आहेत, मोजे लांब हवेत. डावीकडे वेताचे काटे.

ओढा आला तेव्हा तो वही मिटून पुढे झाला. ओढ्यावर फळ्यांचा पूल होता, हाताला दोरी होती आणि एक बाई कडेवर मूल घेऊन पलीकडून येत होती. तिच्या डोक्यावर केळ्यांचा घड होता. पाक समदना तिने काहीतरी विचारलं आणि हसत निघून गेली.

पुढे पाऊण तास सोपा चढ होता. मग हवा गार झाली, बोलणं अर्धवट ऐकू यायला लागलं, आणि एका वळणावर प्रबोधने काहीतरी म्हटलं ते पद्माकरला अजिबात ऐकू आलं नाही. समोर पाणी होतं. तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर होईल त्याच्या दसपट उंच, काळ्या खडकावरून एकसंध पडणारं. आवाजाने दातांच्या मुळाशी कंप भरत होता. पद्माकर हरखून उभा राहिला. हाच, अगदी हाच तिला हवा होता. त्याने बसायला एक सपाट दगड हेरला, त्यावर बसून पाहिलं, वहीत खूण केली. मग फोनवर चार मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं.

परतताना, बोलणं ऐकू येऊ लागल्यावर प्रबोध म्हणाला, "पद्माकर, बोलू नये, पण वहिनी आरामात आल्या असत्या रे."

"आता कळलं ते," पद्माकर म्हणाला. "आता आणेन की." तो इतका आनंदात होता की त्या वाक्यातलं काही त्याला लागलं नाही.

घरी येऊन त्याने रेकॉर्डिंग लावलं. सरोजिनीने फोन डाव्या कानाच्या यंत्राशी धरला, डोळे मिटले, आणि चारही मिनिटं ऐकलं. "भजी तळतायत," ती म्हणाली. पण ती हसत होती. रागही गेला होता. "बाकी कसाय?"

"तूच बघशील. सव्वीस तारखेला."

"सव्वीस कशाला? पुढचा शनिवार आहे की."

पुढच्या शनिवारी पाक समदच्या पुतणीचं लग्न होतं. त्याच्या पुढे गुड फ्रायडेची सलग सुट्टी. तेव्हा कॉजवेवर सहा-सहा तास गाड्या हलत नाहीत, हे सिंगापुरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सव्वीसला गर्दी नव्हती, पाऊस-पाणी सगळं अनुकूल होतं. कोरा रकाना भरला होता. पद्माकरने तो कागद छापून फ्रिजवर लावला.

बावीस तारखेला, मंगळवारी सकाळी, सरोजिनी उठली आणि तिने हाक मारली, "अहो, लाइट गेलेत का?" पद्माकर दाढी करत होता. बाहेर आला तर दिवा लागलेला होता आणि डोक्यावर पंखा गरगरत होता. ती पंख्याकडे बघत पलंगावर बसली होती. "फिरतोय," ती म्हणाली. "मला वाटलं बंद आहे." तिने यंत्र काढलं, पुसलं, सेल बदलला, पुन्हा लावलं. पद्माकर काहीतरी बोलला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

दहा दिवस हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या. गोळ्या दिल्या, कानात इंजेक्शनं दिली. डॉक्टरीणबाईंनी शेवटी त्याच्याशी न बोलता थेट सरोजिनीसाठी कागदावर लिहिलं की आता आशा ठेवू नये. सव्वीस तारीख त्याच धावपळीत येऊन गेली. फ्रिजवरचा कागद पद्माकरने काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. फेकवेना.

वल्लरीने आईच्या फोनमध्ये बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप घालून दिलं. घरात आता प्रत्येक जण फोनशी बोलायचा आणि सरोजिनी वाचायची. पद्माकर ऑफिसला जाई, येई, जेवे. रात्री नकाशे उघडत नसे. मंडळातून फोन आला तर म्हणायचा, "दुसऱ्या कुणाला विचारा, माझं काही खरं नाही." सरोजिनी त्याला काही बोलली नाही. तिने बोलावं, भांडावं, ताटं आदळावीत, असं त्याला वाटे. ती फक्त फोनचा पडदा बघायची आणि लागेल तेवढं उत्तर द्यायची.

मेच्या मध्यात एका संध्याकाळी ती म्हणाली, "शनिवारी जाऊ या."

त्याने फोनमध्ये विचारलं, "कुठे?"

"धबधब्याला. तुम्ही वाट बघून ठेवलीय ना?"

वरातीमागून घोडं, असं त्याच्या मनात आलं. पण तो नाही म्हणू शकला नाही. आता कशाच्या जोरावर म्हणणार होता?

शनिवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाचला आठ मिनिटं कमी असताना कॉजवे ओलांडला. मळ्याच्या फाटकावर त्याच झोपाळू माणसाने नंबर लिहून घेतला. कांपुंगमध्ये पाक समदनी सरोजिनीला छातीवर हात ठेवून सलाम केला. ती पद्माकरच्या पाठपिशवीचा पट्टा धरून चालली. जिथे त्याने वहीत 'आधार' लिहिलं होतं तिथे झाड होतं, जिथे 'थांबा' लिहिलं होतं तिथे सावली होती. पुलावर तिचा तोल एकदाही गेला नाही. एकही गोष्ट चुकली नाही. ही सगळी वाट ती सहा आठवड्यांपूर्वी अशीच चालून गेली असती.

वळण आलं. पद्माकरला आवाज आधी लागला. तो मागे वळून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिला पाणी दिसलं तेव्हा ती थांबली. पट्टा सोडून पुढे गेली. मान किंचित वळवून तिने डावा कान पाण्याकडे केला. मग आणखी पुढे गेली. तुषारांनी तिचे केस भिजले, चष्म्यावर पाणी साचलं, तरी ती तसाच कान पुढे करून उभी होती. कुणी फार हळू बोलत असेल तर आपण जवळ सरकून ऐकतो ना, तशी. काही वेळाने तिने मान सरळ केली, परत आली आणि त्याने हेरून ठेवलेल्या दगडावर बसली.

"कसा वाजतोय?" तिने विचारलं.

त्याने फोन तोंडाशी धरून सांगायचा प्रयत्न केला. पडद्यावर अक्षर उमटेना. पाण्याच्या आवाजात त्याचं बोलणं बुडून जात होतं. तो ओरडला, तरी नाही. शेवटी त्याने रूटची वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं, 'मोठा.' ते त्याचं त्यालाच लाजिरवाणं वाटलं. खाली लिहिलं, 'वर बारीक, खाली जड. मध्येच आत दगड गडगडल्यासारखा.'

तिने वाचलं, पाण्याकडे पाहिलं, पुन्हा वहीकडे पाहिलं. "अजून?"

त्याने वहीची मागची पानं चाळली. सात धबधब्यांची, चार रूटांची, प्रत्येक वळणाची नोंद त्या वहीत होती. त्याने लिहिलं, 'एवढंच जमतंय मला.' आणि मग, हात थांबेना म्हणून, लिहिलं, 'तुला त्या दिवशी आणायला हवं होतं. माझं चुकलं, सरोज.'

सव्वीस वर्षांच्या संसारात तिने कितीतरी गोष्टींवर 'जाऊ द्या हो' म्हटलं होतं. चुकलेल्या विमानावर, न झालेल्या घरावर, विसरलेल्या वाढदिवसांवर. पद्माकर त्याचीच वाट बघत होता. तिने ती ओळ वाचली, चष्मा काढून ओढणीने पुसला आणि पुन्हा वाचली.

"हो," ती म्हणाली. "आणायला हवं होतं."

मग ती रडू लागली. इतक्या वर्षांत ती कधी अशी मोकळा गळा काढून रडली नव्हती, आणि आपला आवाज किती मोठा होतोय हे तिला कळायला आता मार्गच नव्हता. पद्माकरला त्या पाण्याच्या वरताण तिचं रडणं ऐकू येत होतं. वहीत परत निघायची वेळ साडेबारा लिहिली होती. साडेबारा वाजून गेले. तो तिच्याजवळ बसून ऐकत राहिला.